वाचलेल्या पेशी आणि आपलं वाचन

(करमाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर छापलाय तो असा : मेंदूतल्या गाठीच्या पेशी किरणोपचाराला जनुकीय पातळीवर कसा प्रतिसाद देतात. एवढं लांब नाव वाचूनही तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. हा विषय आम्ही हौसेनं निवडलेला नाही. मागच्या खेपेला इथेच कॅन्सरवर बोलणं झालं, तेव्हा सगळे उठून गेल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या दिरांना मेंदूत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, सहा आठवडे लाईट दिली, सात-आठ महिने माणूस हिंडत-फिरत होता. मग गाठ परत आली. ताईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "लाईट दिल्यामुळंच गाठ चेकाळली का हो?" दुसरा, "डॉक्टर म्हणाले जेनेटिक बदल झालेत. मग आता आमच्या पोरींच्या लग्नाचं काय?"

त्या दिवशी आम्ही जमेल तेवढं उत्तर दिलं, पण ते आमचं आम्हालाच पुरेसं वाटलं नाही. आम्ही म्हणजे चारजण. विज्ञान शिकवणारे, औषधाच्या दुकानात बसणारे, असे. डॉक्टर कुणीच नाही. महिन्यातून एकदा जमतो आणि एखादा शोधनिबंध ओळ-ओळ वाचतो. या प्रश्नांसाठी आम्ही काही महिने वाचलं. त्या वाचनाचा हिशोब आज मांडतो. ही उपचारांची माहिती नव्हे, समीक्षा आहे. कादंबरीची जशी करतात तशी शोधनिबंधाचीही करता येते : काय म्हटलंय, कशाच्या जोरावर म्हटलंय, आणि म्हणण्यापेक्षा जास्त कुठं ऐकू येतंय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात एका घराची झोप उडालेली आहे. मराठीत "जेनेटिक" या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक आनुवंशिक, म्हणजे आई-बापांकडून मुलांकडे जाणारं. दुसरं जनुकीय, म्हणजे एखाद्या पेशीतल्या जनुकांमध्ये घडणारं. गाठीच्या पेशीत जनुकीय बदल होतात ते त्या गाठीत होतात. ते बीजपेशींत नसतात, म्हणून मुलांकडे जात नाहीत. मेंदूच्या गाठींची प्रवृत्ती घराण्यात उतरते अशी काही दुर्मिळ उदाहरणं आहेत, नाही असं नाही, पण ती थोडी. आणि पुतण्यांचं तर इथं काही येतच नाही. म्हणून पहिली टीका आमची आपल्या मराठी बातम्यांवरच आहे. "जेनेटिक" हा शब्द न फोडता छापणं म्हणजे कुणाच्या तरी सोयरिकीवर दगड मारणं आहे.

आता पहिला प्रश्न. तो जास्त अवघड आहे, आणि त्यात तथ्याचा एक कण आहे. म्हणूनच तो धोक्याचा.

आपण ज्या गाठीबद्दल बोलतोय तिचं नाव ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींपैकी सगळ्यात आक्रमक. ती मेंदूत मुळं सोडल्यासारखी पसरते, त्यामुळे सर्जननं दिसेल तेवढी काढली तरी पेशी मागे राहतातच. मग किरणोपचार. आपल्याकडे कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक म्हणतं. नेहमीचा डोस ६० ग्रे, तो ३० बैठकांत, रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. ही पद्धत २००५ साली रुळली. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या किरणोपचारानं मध्यक आयुष्य १२.१ महिने, गोळ्यांसह १४.६ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत गेले आणि निम्मे त्याच्यापुढे जगले. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. हे आकडे कडू आहेत, पण लपवून उपयोग नाही.

किरण पेशीत जाऊन करतात काय? डीएनए म्हणजे दोन पेडांचा दोर समजा. एक ग्रे डोस एका पेशीत गेला की साधारण हजारभर ठिकाणी एकेक पेड तुटतो आणि चाळीसेक ठिकाणी दोन्ही पेड तुटतात. एक पेड तुटला तर पेशी दुसऱ्याच्या आधारानं जोडून घेते. दोन्ही तुटले की जिवावर बेततं. म्हणजे रोजच्या २ ग्रेच्या बैठकीत प्रत्येक पेशीत अशा सत्तर-ऐंशी जखमा.

जखम होताच पेशीत धावपळ सुरू होते. एटीएम नावाचं एक प्रथिन आहे, पैसे काढायचं नव्हे, ते ही तूट ओळखतं आणि बोंब मारतं. मग चेक-वन, चेक-टू ही प्रथिनं पेशीचं विभाजन थांबवतात : आधी दुरुस्ती, मग पुढचं. दुरुस्ती जमली नाही तर पी-फिफ्टीथ्री हे प्रथिन पेशीला स्वतःहून मरायला लावतं. निरोगी पेशीत ही शिस्त असते. ग्लायोब्लास्टोमात बहुतेक वेळा पी-फिफ्टीथ्रीची वाट कुठे ना कुठे बिघडलेली असते. थांबा म्हणणारे आहेत, पण मर म्हणणारा गप्प आहे. जनुकीय प्रतिसाद म्हणतात तो हा : कोणती जनुकं चालू झाली, कोणती बंद, कुणी दुरुस्तीला धावलं आणि कुणी मरण टाळलं.

आता खरा प्रश्न असा की वाचलेल्या पेशी आधीपासून चिवट होत्या, की किरणांनी त्यांना चिवट केलं? हा भेद आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. तणनाशक मारलं, सगळं तण गेलं, पण लव्हाळा पुन्हा वर आला. औषधानं लव्हाळा तयार केला का? नाही. त्याच्या गाठी आधीपासून जमिनीत होत्या, औषध तिथवर पोचलं नाही. ही झाली निवड. पण तेच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की काही तणं त्याला जुमानेनाशी होतात. तिथेही बहुधा निवडच असते, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की औषधानं तण शहाणं केलं. ताईंच्या प्रश्नात हेच आहे. आणि निबंध वाचताना आमचीही हीच कसरत झाली.

निवडीच्या बाजूनं सगळ्यात गाजलेला निबंध २००६ सालचा, नेचर या नियतकालिकातला, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून आलेला. गाठीतल्या काही पेशींच्या अंगावर सीडी-१३३ नावाची खूण असते. किरण दिल्यावर गाठीत या पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्या थांबा-दुरुस्ती-करा ही यंत्रणा इतरांपेक्षा लवकर आणि जोरात चालू करत होत्या. चेक-वन आणि चेक-टू अडवले की त्यांचा चिवटपणा कमी झाला. छान काम. पण पुढं दुसऱ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की ती खूण नसलेल्या पेशींतूनही गाठ उभी राहू शकते. म्हणजे लव्हाळ्याची कल्पना टिकली, पण लव्हाळा ओळखायची खूण कच्ची निघाली. आपल्याकडे मात्र अजूनही "कॅन्सरच्या मूळ पेशी सापडल्या" असं छापून येतं.

आता आपल्या जवळचं काम, आणि आजच्या बोलण्याचा गाभाही हाच. नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन शाखा. तिथे शिल्पी दत्त यांच्या गटानं २०१५ साली कार्सिनोजेनेसिस या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. लाईट देऊन झाली, एमआरआय चांगला आला, माणूस घरी गेला. त्या काळात मेंदूत थोड्या पेशी उरल्यात हे ठाऊक असतं, पण त्या दिसत नाहीत आणि काढताही येत नाहीत. चांगल्या माणसाची कवटी पुन्हा कोण उघडणार? गाठ परत आल्यावर नमुना मिळतो, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणजे अभ्यास करायचा तो नेमक्या त्या काळाचा, ज्याचा नमुनाच मिळत नाही. म्हणून त्यांनी पाच रुग्णांच्या गाठींतून घेतलेल्या पेशी आणि दोन तयार पेशीवंश प्रयोगशाळेत वाढवले, त्यांना मारक डोस दिला, आणि ज्या मेल्या नाहीत त्यांच्यावर नजर ठेवली.

काय दिसलं? बहुतेक पेशी मेल्या. थोड्या उरल्या आणि विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबल्या. थांबल्या असताना त्या एकमेकींत मिसळल्या. दोन-चार पेशी मिळून एक दांडगी पेशी, पोटात अनेक केंद्रकं. अशा राक्षसी पेशी मूळ गाठीतही कधी कधी असतात, म्हणून त्यांनी हेही तपासलं की या जुन्याच तर नाहीत ना. नव्हत्या, किरणांनंतर मिसळून झालेल्या होत्या. या पेशी म्हाताऱ्या झाल्यासारख्या वागत होत्या, विभाजन बंद, पण जिवंत राहण्याचे संदेश मात्र जोरात चालू. काही काळानं त्या या अवस्थेतून बाहेर आल्या, पुन्हा विभागल्या, आणि त्यांतून साध्या एका केंद्रकाच्या पेशी तयार झाल्या. गाठ परत आली ती अशी. आणि त्या थांबलेल्या पेशींना वी-वन नावाचं विकर अडवून अवेळी विभाजनात ढकललं, तर परत येणं रोखलं गेलं.

या निबंधातला एक शब्दप्रयोग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेशी मिसळण्याच्या या वाटेला लेखकांनी स्वतःच "बिगर-जनुकीय" म्हटलंय. म्हणजे डीएनएतली अक्षरं बदलून पेशी वाचली असं ते म्हणत नाहीत. अक्षरं तीच, वागणं वेगळं. २०२० साली याच गटाचा पुढचा निबंध न्यूरो-ऑन्कॉलॉजीत आला. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात. उरलेल्या पेशींत सेटमार नावाचं विकर हिस्टोनवर एक रासायनिक खूण जास्त प्रमाणात लावतं, त्या खुणेपाशी दुरुस्तीची प्रथिनं गोळा होतात आणि तुटलेल्या टोकाला टोक जोडलं जातं. सेटमार अडवलं की ही जोडणी बिनसते आणि गाठ परत येणं थांबतं. इथेही पोथी तीच आहे. कुठलं पान उघडायचं त्याची खूण तेवढी बदलली.

याला आम्ही महत्त्व का देतो? कारण अक्षरच बदललं असेल तर ते परत फिरवणं जवळपास अशक्य. खूण मात्र लावता येते तशी पुसताही येते. आणि पेशी जर काही दिवस थांबूनच राहत असतील, तर त्या थांबण्याच्या दिवसांत त्यांना गाठता येईल. खारघरच्या कामाचं मोल आमच्या मते हे आहे. गाठ परत आल्यावर काय करायचं यापेक्षा, ती दिसत नाही त्या काळात काय करायचं, हा प्रश्न त्यांनी विचारण्यासारखा करून ठेवला.

कौतुक झालं, आता आक्षेप. ते आम्ही आदरानंच घेतोय.

पहिला आक्षेप डोसचा. प्रयोगात एकदम मारक डोस दिला. रुग्णाला तो रोज थोडा-थोडा, सहा आठवडे मिळतो. थोडा-थोडा देण्यामागे कारण आहे : दोन बैठकांमध्ये निरोगी पेशी जखम भरून काढतात, गाठीच्या पेशींना ते तितकं जमत नाही. एका रात्रीत ढगफुटी झाली आणि महिनाभर संततधार लागली, तर पाणी तेवढंच पडलं तरी रान वेगळं वागतं. बशीतल्या पेशी एका फटक्यानंतर मिसळल्या, म्हणून मेंदूत तीस बैठकांनंतर त्या तशाच मिसळत असतील असं आपोआप ठरत नाही.

दुसरा आक्षेप बशीचाच. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, शेजारी निरोगी मेंदू नाही. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन इथल्या कृष्णा भट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की गाठीतल्या पेशी रूप पालटून जास्त चिवट होतात, आणि या पालटात आजूबाजूच्या प्रतिकारक पेशींचा हात असतो. शेजारच वगळला तर गोष्ट अर्धीच राहते. सेटमारच्या कामात उंदरांवरचे प्रयोग आहेत, ही जमेची बाजू. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

तिसरा आक्षेप शब्दाचा. निबंधात उरलेल्या पेशींना "मुळातच" प्रतिरोधक म्हटलंय. पेशी वाचली म्हणून ती आधीपासून वेगळी होती असं नुसत्या वाचण्यावरून सिद्ध होत नाही. एसटीच्या अपघातात जे वाचले ते सगळे अंगानं दणकट होते असं आपण म्हणतो का? कुणी मागच्या बाकावर बसलेलं असतं, एवढंच. निवड किती, नशीब किती आणि किरणांनंतर आलेलं वागणं किती, ही वाटणी अजून पुरती झालेली नाही.

चौथी गोष्ट म्हणजे एक धडा. याच गटानं २०१८ साली दाखवलं की उरलेल्या पेशींत टाकाऊ प्रथिनं कापून काढणारी यंत्रणा, प्रोटिअसोम, जास्त काम करते, आणि ती अडवली की पेशी तग धरत नाहीत. प्रयोग नीट, तर्क नीट. याच यंत्रणेला अडवणारं, मेंदूपर्यंत पोचू शकणारं मारिझोमिब नावाचं औषध युरोप आणि कॅनडाच्या मोठ्या चाचणीत साडेसातशेच्या आसपास रुग्णांवर वापरून झालं, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. आयुष्य वाढलं नाही. त्रास मात्र वाढला. यावरून खारघरचा प्रयोग खोटा ठरत नाही. माणसाला औषध कधी, किती, कुठल्या टप्प्यावर दिलं, यात हजार फरक असतात. पण बशीत जे मरतं ते माणसात मरेलच असं नाही, हे मात्र शंभरदा म्हणावं लागेल.

मग माणसांतला पुरावा काय सांगतो? यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एक संच तयार केला : त्याच रुग्णाची पहिली गाठ आणि परत आलेली गाठ, दोन्हींचा डीएनए वाचायचा. २०१९ साली २२२ रुग्णांचा पहिला मोठा अहवाल आला. अपेक्षा अशी की उपचारानंतर सगळ्यांत ठरावीक जनुकं बदललेली सापडतील, मग त्यांवर औषध काढू. तसं फारसं सापडलं नाही. उपचारातून तरून जायला बहुतेक गाठींना नवी अक्षरं लिहावीच लागली नाहीत. खारघरच्या निष्कर्षाशी हे जुळतं, असं आमचं वाचन आहे.

पण इथेच थांबलो तर अर्धवट होईल. २०२१ साली त्याच संचावर काम करणाऱ्यांनी, एमरे कोचाकावुक आणि रूल वेरहाक यांच्या गटानं, नेचर जेनेटिक्समध्ये दाखवलं की किरणोपचार घेतलेल्या परत आलेल्या गाठींच्या डीएनएत लहान-लहान तुकडे गळाल्याच्या खुणा जास्त असतात. घाईघाईत टोकाला टोक जोडताना चार अक्षरं सांडावीत तसं. आणि ज्यांच्यात अशा खुणा जास्त, त्यांचं पुढचं आयुष्य कमी. म्हणजे किरण पोथीवरही डाग ठेवून जातात. ताईंच्या प्रश्नातला तथ्याचा कण म्हणालो, तो हा.

या कणाचा डोंगर करून कुणी म्हणेल, "मग लाईट घेऊच नका." असं म्हणणारे आहेत, आणि मोबाईलवर रोज येतात. म्हणून तुलना कशाशी ते विचारायला हवं. १९७८ साली अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. अशाच आक्रमक गाठींवर ऑपरेशननंतर नुसती काळजी घेतलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १४ आठवडे. किरणोपचार मिळालेल्यांचं सुमारे ३५ आठवडे. दुपटीहून जास्त. उरलेल्या पेशी किरणांनंतर चिवट दिसतात हे खरं, पण किरण दिले नसते तर मेलेल्या पेशीही जिवंतच असत्या, आणि त्या असंख्य होत्या. लव्हाळा उरला म्हणून खुरपणीच करू नये असं कुणी म्हणत नाही.

उलट बाजूनंही चूक होऊ शकते, आणि तिचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुलांच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. ॲक्ट्रेकमध्येच नीलम शिरसाट यांच्या गटानं या गाठींच्या जनुकीय प्रकारांवर बरीच वर्षं काम केलं. यांतला डब्ल्यूएनटी प्रकार उपचारांना सगळ्यात चांगली दाद देतो. २०१० साली या गटानं दाखवलं की या प्रकारात जास्त असणारे काही सूक्ष्म आरएनए दुसऱ्या गाठीच्या पेशींत वाढवले, तर त्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात. म्हणजे किरणांना कोण दाद देईल याचं काही उत्तर जनुकांत आहेच. ग्लायोब्लास्टोमातही टेमोझोलोमाइडचा फायदा कुणाला जास्त हे एमजीएमटी जनुकावरच्या खुणेवरून बरंचसं कळतं.

मग टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचार केला : डब्ल्यूएनटी प्रकाराची मुलं जर इतकी चांगली बरी होतात, तर संपूर्ण मेंदू आणि मणक्याला किरण का द्यायचे? त्यानं मुलांची वाढ खुंटते, बुद्धीवर परिणाम होतो. फक्त गाठीच्या जागेला द्यावेत. हेतू किती चांगला. काळजीपूर्वक निवडलेल्या थोड्या मुलांवर चाचणी सुरू केली. पण किरण न दिलेल्या भागात रोग परत येऊ लागला, म्हणून चाचणी वेळेआधी थांबवली आणि तसं उघडपणे छापलं. पुढचा प्रयत्न सगळीकडे किरण, पण कमी डोस, असा आखला. आम्हाला हा निबंध फार मोलाचा वाटतो. जनुकाचा अहवाल अचूक होता, तरी त्यावरून काढलेलं अनुमान पुरं पडलं नाही. चुकलं हे सांगायला लागणारी हिंमत आपल्या बातम्यांत कधी दिसत नाही, कारण थांबलेल्या चाचणीची बातमीच होत नाही.

बातम्यांच्या भाषेबद्दलही एक शब्द. "पेशी डॉक्टरांना चकवतात", "कॅन्सर शहाणा होतो", "किरणांवर मात". पेशीला डोकं नसतं. ती शहाणी होत नाही की कुणाला फसवत नाही. ही भाषा वाचणाऱ्याच्या मनात असा समज पेरते की आपण शत्रूला डिवचलं म्हणून तो उलटला. ताईंचा "चेकाळली" हा शब्द तिथूनच आलेला आहे. तो त्यांचा दोष नाही, आपण छापलेल्या मराठीचा आहे.

आता आपल्या तालुक्याचं बघू. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. त्याच बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, बार्शी, भूम आणि आपल्या शेजारच्या परांडा तालुक्यातल्या गावांसाठी. माणसं गावोगाव फिरून कुणाला कुठला कॅन्सर झाला ते लिहून घेत. ज्ञान खारघरच्या सूक्ष्मदर्शकाखाली तयार होतं तसं परांड्याच्या वस्तीवरही होतं, हे करमाळ्यात बसून विसरू नये.

आणि आपल्या माणसासाठी जनुकांच्या आधी येणारा प्रश्न असतो तीस बैठकांचा. सहा आठवडे परगावी राहायचं, सोबत एक धडधाकट माणूस, इकडे जनावरं कोण बघणार, कारखान्याची तोड आली तर काय. मग कुणी पंधराव्या बैठकीनंतर घरी येतं ते परत जातच नाही. मधे खंड पडला तर किती नुकसान होतं? तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये खंड महाग पडतो हे चांगलं सिद्ध झालंय. मेंदूच्या या गाठीत पुरावा तितका एकमुखी नाही, म्हणून भीती घालणार नाही. पण अर्धा डोस हा पुऱ्या डोसाची बरोबरी करत नाही, एवढं नक्की. ज्यांना सहा आठवडे झेपत नाहीत, विशेषतः वयस्कर माणसं, त्यांच्यासाठी १५ बैठकांत ४० ग्रे अशी छोटी पद्धत आहे. ६५ वर्षांपुढच्या रुग्णांवर ती गोळ्यांसह तपासली गेली आणि तिचे निकाल २०१७ साली छापून आले. डॉक्टरांना विचारायला लाजू नका. "साहेब, कमी बैठकांत बसेल का?" हा अडाणी प्रश्न नाही, शास्त्रानं स्वतःला विचारलेला प्रश्न आहे.

आणि मोठा जनुकीय अहवाल काढा म्हणून कुणी रक्कम सांगितली, तर पैशाची सोय बघायच्या आधी एवढंच विचारा : हा अहवाल आला तर उपचारात काय बदलेल? उत्तर मिळालं तर काढा. "माहिती असलेली बरी" असं उत्तर आलं तर थांबून विचार करा.

तर ताई आज आल्या असतील, नसतील. त्यांना आमचं उत्तर असं आहे. लाईटनं गाठ चेकाळली नाही. लाईटनं बहुतेक गाठ मारली, म्हणून ते सात-आठ महिने मिळाले. ज्या थोड्या पेशी उरल्या त्या का उरल्या हे शोधणारी माणसं खारघरला आहेत, परदेशात आहेत, आणि त्यांना वाट दिसू लागली आहे, पण औषध अजून हाती आलेलं नाही. त्या पेशींत जे बदललं ते दिरांच्या गाठीत बदललं, तुमच्या पोरींमध्ये नाही. सोयरीक बिनधास्त करा.

इथंच थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि सगळ्यांसमोर नको वाटलं, तर मागे थांबा. आम्हीही थांबतो.